"मला अजून माहीत नाही" म्हणणाऱ्या रामटेके मॅडम

रामटेके मॅडमना टीव्हीवर देशद्रोही म्हटलं गेलं, तेव्हा मी त्यांच्या बाजूच्याच खुर्चीवर बसले होते.

त्या मॅडम आज सकाळी गेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅडम आयुष्यभर कॉलेजात संरक्षणशास्त्र शिकवत होत्या. रिटायर झाल्यावर प्रताप नगरात एका दवाखान्याच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि सुरक्षा अभ्यास केंद्र सुरू केलं. सरकारचं नाही, कुठल्या पक्षाचं नाही. शेजारचे काका मला विचारायचे, "वर बंदुका ठेवता का वं?"

मी तिथली रिसर्चर. एकुलती एक.

त्या दिवसांत सीमेवर वातावरण तापलं होतं. अशात नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या गोदामांवरून उडणाऱ्या ड्रोनचा एक व्हिडिओ फिरला. काही सेकंदांचा. वर लिहिलेलं, "शत्रूचा ड्रोन नागपुरात!"

दुपारी पुढची बातमी. वाडीत भाड्याने राहणाऱ्या, बाहेरच्या राज्यातल्या दोन मुलांच्या खोलीत ड्रोन आहे म्हणे.

मग चॅनलचा फोन आला. संध्याकाळी लाइव्ह आहे, एक्सपर्ट म्हणून मॅडम हव्यात.

लगेच दुसरा फोन. ड्रोन पाडायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे साहेब. केंद्राचं भाडं आणि माझा पगार त्यांच्याच देणगीतून निघायचा.

"मॅडम, फक्त एवढंच म्हणा की नागपूरला ड्रोनचा धोका आहे. खोटं थोडीच आहे?"

"खरं का खोटं, तेच पाहून राहिलो आम्ही."

"पुढच्या वर्षीचंही बघायचंय ना आपल्याला?"

मॅडमनी फोन ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून वं, घाबरली का?"

"हो."

"घाबर. पण पूर्ण व्हिडिओ शोध."

सापडला. ड्रोन दिवे लावून सरळ जात होता, वळत होता, शेजारच्याच ओळीने परत येत होता. वावरात नांगर फिरतो तसा.

"हे तं मोजणी करून राहिले," मॅडम म्हणाल्या. "पण हा आपला अंदाज झाला. अंदाजावर टीव्हीत बोलायचं नाही. परवानगी कोणी दिली ते काढ."

मी फोन लावत सुटले. पोलीस ठाण्यात माहीत नव्हतं. एका ऑफिसने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसरीकडे. तेवढ्यात लाइव्हची वेळ झाली. मॅडम केंद्रातूनच व्हिडिओ कॉलवर बसल्या.

अँकर ओरडूनच बोलत होता. "मॅडम, हा शत्रूचा ड्रोन आहे. हो की नाही?"

"मला अजून माहीत नाही."

"देश संकटात आहे आणि एक्सपर्टला माहीत नाही?"

"तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आधी त्या मुलांचं घर दाखवणं बंद करा. तिथे लोक जमायला लागलेत."

दुसरे एक पाहुणे किंचाळले, "असले देशद्रोही बोलावता कशाला?"

मॅडमची लाइन कापली.

स्क्रीनवर ते घर दिसतच होतं. दारासमोरची गर्दी वाढत होती.

आणि माझा मोबाइल वाजला. तिसऱ्या ऑफिसातून परवानगीचा कागद आला होता. रस्ता रुंद करायची मोजणी. ती दोन मुलं ठेकेदाराची माणसं. सगळं रीतसर.

ठाण्यात कळवलं. ते म्हणाले, गाडी निघालीय, पण अमरावती रोडवर ट्रकांमध्ये अडकलीय.

"स्कूटी काढ," मॅडम म्हणाल्या.

"आपण जाऊन काय करणार मॅडम?"

"उभ्या तं राहू."

पोचलो तेव्हा खिडकीची काच फुटलेली होती. आत कोणीतरी रडत होतं. घरमालकीण दाराला पाठ लावून उभी. "पोरं चांगले आहेत जी, कामावर जातात न् येतात," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मॅडम तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे, हे तं टीव्हीवाली बाई!" कोणीतरी ओळखलं. एकाने त्यांचा दंड धरला. "व्हा बाजूले."

"नाही होत गा. आता मले माहीत आहे. तुमचाच रस्ता मोजून राहिले हे पोरं."

मी मोबाइल उंच धरला. त्यावर परवानगीचा कागद उघडला होता, पण वाचायला कोणी थांबलं नाही.

मागे एकाने दगड उचलला. मी पाहिला. मॅडमनीही पाहिला. त्या हलल्या नाहीत. घरमालकिणीने फक्त त्यांचा हात धरला.

तेव्हा पोलिसांची गाडी आली.

इन्स्पेक्टरांनी तिथेच उभं राहून फोनवर खात्री केली आणि ड्रोन मोजणीचाच आहे असं मोठ्याने सांगितलं. लोक पांगले. माफी कोणीच मागितली नाही. मुलं बाहेर आली, एकाच्या कपाळात काच घुसली होती.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "थांब जरा." रस्त्याच्या कडेला उतरल्या आणि उलटी केली. तोंड पुसून म्हणाल्या, "चल."

कंपनीची देणगी बंद झाली. केंद्र मॅडमच्या घरातल्या हॉलमध्ये आलं.

तिथे बसून त्यांनी रिपोर्ट लिहिला. त्यात "धोका नाही" असं कुठेच नव्हतं. धोका आहेच, पण कोणता ड्रोन आपला आहे हे जर ठाण्याला दिवसभर कळत नसेल, तर खरा शत्रूचा आला तरी कळणार नाही, असं होतं. तेच इन्स्पेक्टर घरी येऊन भांडून गेले.

काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला. आता परवानगीची खबर ठाण्यात आधी पोचते.

तसं सरकारी पत्रकच निघालं होतं, पण त्यात आपल्या केंद्राचं नाव नव्हतं. मी चिडले.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. "नाव असतं तं आधी आपण कोणाचे हे विचारत बसले असते. सरकारले चूक सांगाले बाहेरचं माणूस लागते वं. तेच विकलं गेलं तं मग विचाराचं कोणाले?"

गेल्या आठवड्यात दवाखान्यात त्यांचा आवाज खोल गेला होता. तरी मला जवळ बोलावलं.

"माझ्या नावानं व्याख्यानमाला नको ठेवू. खुर्च्या रिकाम्या राहतात."

मी हसले. मग रडले.

"न् केंद्र?" मी विचारलं.

"ते तुह्यावर आहे."

मॅडम, सोमवारी उघडते आहे.

जय भीम.