वेशीपाशी ठेवलेली तलवार
मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा वास आला की सुप्यातली खोली आठवते. खोलीतल्या पार्टनरची कारखान्यात पहिली पाळी, माझी दुसरी. कॉम्प्युटर एकच आणि राक्षस मारायच्या गेममधला योद्धाही दोघांत एकच. महिनाभर खपून मिळवलेली तलवार एक दिवस गायब झाली. "सामानाची पेटी भरली हुती, म्हनून गेममधल्या गावाच्या वेशीपाशी खाली ठेवली तुझ्यासाठी," तो म्हणाला. तिथं काहीच नव्हतं. "विकून खाल्लीस," मी म्हणालो, आणि त्या दिवसापासून साखरेचा डबाही कुलपात ठेवू लागलो. तो खोली सोडून गेला. पुढं एकदा मीच ढाल खाली ठेवून गेम बंद केला. परत उघडला तर ढाल नाही. जमिनीवर ठेवलेलं त्या गेममध्ये टिकतच नव्हतं. त्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये अजून 'चोर' या नावानंच आहे.