व्हर्डीन स्प्रिग्सचा नऊ मिनिटांचा सिनेमा

व्हर्डीन स्प्रिग्सनं बाल्टिमोरच्या रस्त्यांवर एकतीस वर्षं सिटी बस चालवली. निवृत्त झाली तेव्हा उजवा गुडघा कुरकुरत होता आणि घरात नुसतं बसून राहण्याचा तिला भारी कंटाळा. म्हणून ती रोज सकाळी वाचनालयात जायची, पेपर चाळायची, भेटेल त्याच्याशी गप्पा मारायची. तिथंच एकदा मोबाइलवर सिनेमा कसा करायचा याचा मोफत वर्ग चालू होता. वर्गातल्या खुर्च्या मऊ होत्या. तेवढ्याच कारणानं ती आत जाऊन बसली.

शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी एका माणसाचे दोन फोटो दाखवले. एकात त्याचा काळा चेहरा म्हणजे नुसता काळोख. दुसऱ्यात गालाचं हाड, कपाळावरची शीर, हसताना पडणारी खळी, सगळं लख्ख. बाई म्हणाल्या, "आपले चेहरे कॅमेऱ्यात नीट येत नाहीत असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. उजेड कुठून टाकायचा ते म्हणणाऱ्याला कळत नाही, एवढंच." व्हर्डीनला हे इतकं पटलं की घरी जाऊन तिनं अर्नेलला खिडकीशी बसवलं आणि तिचे चाळीस फोटो काढले. अर्नेल तिची धाकटी बहीण, वय सहासष्ट. दोघी एकाच घरात राहायच्या. फोटो काढून घ्यायला अर्नेलची कधीच ना नसायची.

महिन्याभरात नऊ मिनिटांचा सिनेमा तयार झाला. गोष्ट साधी होती. क्लेमंटीन नावाच्या एका म्हातारीला आपल्या अंत्यविधीला लोक काय बोलतील याची भारी उत्सुकता. मेल्यावर ऐकू येणार नाही, म्हणून ती चर्चच्या तळघरात सगळ्यांना बोलावून रंगीत तालीम घेते. स्वतः शवपेटीत पडून राहते आणि कोणाचं बोलणं आवडलं नाही की उठून बसते. क्लेमंटीन अर्थातच अर्नेल. शवपेटी म्हणजे फ्रिजचं खोकं, वरून पांढरी चादर. चेहऱ्यावर उजेड परतवायला व्हर्डीननं केकचे चकचकीत ट्रे वापरले आणि ते धरून उभं राहायला चर्चची अख्खी सात जणांची गायकमंडळी कामाला लावली. श्रद्धांजलीचं भाषण करायला डीकन पर्डी होते. डीकन म्हणजे चर्चमधलं मोठं मानाचं माणूस, पण ते बोलायला उभे राहिले की लोक घड्याळाकडे बघायचे. सिनेमातही तेच करायचं होतं, त्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

वाचनालयात शिकवणाऱ्या त्याच बाईंनी व्हर्डीनला न सांगताच तो सिनेमा शहरातल्या कृष्णवर्णीय चित्रपट महोत्सवाला पाठवून दिला. एप्रिलमध्ये पत्र आलं. अर्नेलनं ते स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचलं.

"उदयोन्मुख दिग्दर्शक विभाग," अर्नेल म्हणाली. "उदयोन्मुख म्हणजे आता कुठं उगवणारी."

"एकोणसत्तराव्या वर्षी?"

"उशिरापर्यंत झोपली होतीस, दुसरं काय."

व्हर्डीननं पत्र तिच्या हातातून ओढून घेतलं, परत वाचलं आणि गुडघ्याची पर्वा न करता टेबलाभोवती एक गिरकी मारली.

महोत्सव तीन दिवसांचा होता. शुक्रवारी ती एकटीच जाऊन आली. किंग्स्टनचा एक सिनेमा पाहिला, लागोसचा एक, अटलांटाच्या एका तरुण मुलीचा एक. अटलांटाच्या सिनेमात एक बाई स्वयंपाकघरात बसून मुलीची वेणी घालत होती. मुलगी मान हलवते म्हणून कंगव्याचा हलका फटका देत होती. बाकी काही घडत नव्हतं. पण ते स्वयंपाकघर, ती तेलाची डबी, तो फटका भिंतीएवढ्या पडद्यावर बघून व्हर्डीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शेजारच्या अनोळखी बाईनं न विचारताच तिच्या हातात रुमाल दिला. "मलाही असाच मार बसायचा," ती बाई म्हणाली.

शनिवारी दुपारी दोनला व्हर्डीनचा सिनेमा होता. चर्चच्या दोन मोठ्या व्हॅन भरून तेवीस माणसं आली. सगळी रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत, अर्नेल तर जांभळ्या सॅटिनमध्ये. महोत्सव भरवणारी इमानी ब्रॉडनॅक्स दारातच उभी होती, तिनं व्हर्डीनला मिठी मारली. "मिस व्हर्डीन, सगळी तिकिटं संपली," ती म्हणाली. व्हर्डीननं आत डोकावून भरलेल्या रांगा पाहिल्या. तोवर तिला वाटत होतं की आपलीच माणसं असणार, चुकलं तर सांभाळून घेतील.

दिवे मालवले. पडद्यावर तिचं नाव आलं तेव्हा तेवीस जणांनी इतका गलका केला की पहिलं दृश्य कोणाला ऐकूच आलं नाही. गलका थांबला. तरीही काही ऐकू येईना. पडद्यावर अर्नेल शवपेटीतून उठून बसली होती, बोट नाचवून कोणाला तरी झापत होती, आणि थिएटरात चिडीचूप. आवाज गेला होता.

इमानी धावत मागच्या, प्रोजेक्टरच्या खोलीकडे गेली. मागून कोणीतरी "आवाज, आवाज" म्हणायला लागलं. पुढची सात-आठ मिनिटं कशी जाणार या विचारानं व्हर्डीननं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात तिच्या शेजारून खणखणीत आवाज आला. "इतक्या लवकर रडू नका, मी अजून जिवंत आहे. आणि रडायचंच असेल तर निदान नाक तरी पुसा."

अर्नेल उभी राहिली होती. नजर पडद्यावर, एक हात कमरेवर. ओठ हलतील तसे शब्द टाकत होती. हशाची एक लाट मागच्या रांगेपर्यंत गेली. पडद्यावर आता डीकन पर्डी भाषणाला उभे राहिले. खाली तिसऱ्या रांगेत खरे डीकन पर्डी कोट सारखा करत उभे राहिले.

"बंधुभगिनींनो, क्लेमंटीनला मी चाळीस वर्षं ओळखतो," त्यांनी सुरुवात केली. ती वाक्यं सिनेमातलीच होती. पण इतकं मोठं थिएटर, इतके श्रोते. डीकनला मोह आवरेना. पडद्यावरचे डीकन गप्प होऊन पाणी प्यायला लागले, तरी खालचे बोलतच राहिले.

"डीकन," व्हर्डीन दबक्या आवाजात म्हणाली, "तोंड मिटलंय तुमचं."

"कुठलं?"

"वरचं."

हे चार रांगांना ऐकू गेलं आणि त्यांनी पुढच्या चार रांगांना सांगितलं. लोक खुर्च्यांवर थापा मारायला लागले. पडद्यावर गायकमंडळी आली तेव्हा ती सातही जणं थिएटरात हजर होती. त्यांनी सगळ्यांच्या ओळखीच्या त्या भक्तिगीताचा सूर लावला आणि दुसऱ्या ओळीपासून अख्खं थिएटर गायला लागलं.

एकच माणूस गैरहजर होता. क्लेमंटीनचा चुलतभाऊ झालेला बस डेपोतला मेकॅनिक, सहा फूट चार इंच, आवाज विहिरीतून आल्यासारखा. शनिवारी त्याची ड्यूटी होती. पडद्यावर तो दारातून आत येताना दिसला आणि तेवीसही माना व्हर्डीनकडे वळल्या.

"मी नाही," ती म्हणाली.

"त्याची वाक्यं आणखी कोणाला पाठ आहेत?" अर्नेल म्हणाली. "उठ."

व्हर्डीन उठली. आयुष्यात कधी सभेत उभं राहून न बोललेली ती बाई हनुवटी छातीला टेकवून, घशाच्या तळातून गरजली, "क्लेमंटीन, खरी मरणार असशील तर सांग, नाहीतर मी जेवून घेतो."

हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पुढच्या रांगेतले एक आजोबा चष्मा काढून डोळे पुसत होते. व्हर्डीनला आता चेव आला. दार आपटलं की ती पाय आपटायची, खुर्ची करकरली की दातांतून करकर काढायची.

शेवटचं दीड मिनिट राहिलं असताना मागच्या खोलीतल्या मिस्टर लायलना बिघाड सापडला आणि आवाज एकदम धडाक्यानं सुरू झाला. थिएटर एका सुरात ओरडलं, "बंद करा तो." मिस्टर लायल चाळीस वर्षं मशीन चालवत होते, पण असली फर्माइश त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी मुकाट्यानं आवाज बंद केला.

नंतर दिग्दर्शकांना मंचावर बोलावलं. वेणीचा सिनेमा करणारी अटलांटाची मुलगी व्हर्डीनच्या शेजारीच बसली होती. तिनं विचारलं, "मिस व्हर्डीन, कुठं हसू येणार हे तुम्हाला इतकं नेमकं कसं कळतं? कुठं शिकलात?"

व्हर्डीननं खरं तेच सांगितलं. "ड्रायव्हरच्या डोक्यावर आरसा असतो ना, त्यात सगळी बस दिसते. भांडणारे, डुलक्या घेणारे, एकमेकांकडे चोरून बघणारे. मी एकतीस वर्षं ते बघत होते. फक्त मधूनमधून रस्त्याकडेही बघावं लागायचं."

त्याच संध्याकाळी परीक्षकांचं पहिलं बक्षीस वेणीच्या सिनेमाला गेलं. व्हर्डीननं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि अर्नेलला सांगितलं की ते दुसऱ्या कोणाला दिलं असतं तर आपण भांडायला गेलो असतो. पण प्रेक्षकांनी चिठ्ठ्या टाकून दिलेलं बक्षीस तिला मिळालं. इमानीनं लगेच जाहीर करून टाकलं की रविवारी चार वाजता हा सिनेमा परत दाखवू, मुद्दाम मुका. अट एकच, डीकन पर्डींनी तोंड मिटल्यावर थांबायचं. डीकननी ती मान्य केली आणि पाळली नाही. मेकॅनिकनं ड्यूटी बदलून घेतली, पण लोकांनी त्याला खाली बसवलं; त्यांना व्हर्डीनचाच आवाज हवा होता.

रविवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ही सगळी वरात चौकातल्या चिकनच्या दुकानात शिरली. तळलेल्या चिकनचे डबे, बटाट्याच्या जाड चकत्या, अर्धा गार चहा नि अर्धं लिंबू सरबत मिसळलेले मोठे ग्लास. काउंटरवरच्या बाईनं जांभळं सॅटिन, कोट, टाय सगळं एकदा न्याहाळलं.

"कोणाचं लग्न आहे?"

"लग्न कसलं, मयत," डीकन म्हणाले. "फार छान झाली. उद्या परत असती तरी आलो असतो."

ती बाई गोंधळून व्हर्डीनकडे बघायला लागली. व्हर्डीनला समजावून सांगायचं होतं, पण दोन दिवस गरजून तिचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा आली. तिनं भिंतीवरच्या यादीतल्या चार नंबरच्या डब्याकडे बोट दाखवलं, मग दोन बोटं वर केली, एक अर्नेलसाठी, आणि आवाज न करता हसत सुटली, ती थांबायचं नावच घेईना.