शकुबाईची धडधड

वडशाजवळच्या आपल्या गावात शकुबाईला सगळे ढोंगी म्हणत. भाताची रोवणी ऐन भरात असताना ती शेताच्या धुऱ्यावर मटकन बसायची. काळीज छाती फोडून बाहेर येईल असं धडधडायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग एकाएकी सगळं थांबायचं. सासू म्हणायची, "बरं कामाच्या वक्तीच होते हिले." नवरा मुखरू मान खाली घालून ऐकून घ्यायचा. तेच तिला जास्त झोंबायचं.

बैलगाडी वडशाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड हटकून थांबलेली असे. डॉक्टर नळी लावत आणि हसत. शेवटच्या खेपेला ते मुखरूकडे पाहून म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. डोक्यातले विचार कमी करायला सांगा."

शकुबाईचं डोकं फिरलं. बाहेर येऊन तिने ओसरीतच ठाण मांडलं.

"चाल ना, गाडी जुपली," मुखरू म्हणाला.

"तुमी जा. धडधड येईन तवाच मी उठीन. या डाक्टरले दाखवल्याबिगर घरी येत नाई."

कंपाउंडरने हटकलं, तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मुखरूने बैल सोडले. झाडाखाली तीन दगडांवर तो भात रांधायचा आणि मुकाट्याने तिच्यापुढे ठेवायचा.

काही दिवसांनी भर दुपारी धडधड सुटली. शकुबाई भिंत धरत, माणसं सारत आत शिरली आणि तिने आपलं मनगट डॉक्टरांच्या हातात कोंबलं.

"आता सांगा. हे इचार होय का?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. नाडी मोजता येईना. त्यांनी तिला आडवं केलं, मानेच्या एका बाजूची शीर बोटांनी दाबून चोळली. काळीज अडखळलं, क्षणभर गप्प झालं आणि मग सावकाश चालू लागलं.

"आजार खरा आहे," ते म्हणाले.

"मी इतकी वरसं तेच सांगून राह्यली. तुमी मले नाई, माह्या नवऱ्याले सांगत होते."

डॉक्टरांनी नागपूरहून धडधड आवरणाऱ्या क्विनिडीनच्या गोळ्या मागवल्या. गोळ्या कडूजहर, कानांत किणकिण व्हायची. पण धडधड क्वचितच येऊ लागली.

पुढच्या रोवणीत सासू शेजारणीला सांगत होती, "बिचारीले लय तरास होते."

शकुबाईने हातातली भाताच्या पऱ्ह्यांची पेंढी चिखलात आपटली. "आत्याबाई, आंधी ढोंगी म्हणे, आता बिचारी. बिचारी नोका म्हणू मले."

आणि ती पुन्हा रोवायला वाकली.