डाव्या कोपऱ्याला दोन काप

प्लेट कपाळावर फुटली तेव्हा आधी आवाज ऐकू आला. दुखलं नंतर. काचेची होती. जीवाणू वाढवायच्या अशा प्लेटा आमच्या लॅबमध्ये धुवून पुन्हा वापरायचे. सरांनी ती टेबलाच्या पलीकडून भिरकावली होती. भुवईवरनं रक्त डोळ्यात आलं, आणि प्लेटमधली थलथलीत खळ गालावरनं गळ्यात उतरली.

सर म्हणाले, "मेंढरांमागं फिरणाऱ्यांना लॅबमध्ये घेतलं की असंच होतं. लेंड्या आणतात सगळीकडं."

लॅबमधले चौघं हसले. एकानं फडकं दिलं, फरशी पुसायला. मी गुडघ्यावर बसले आणि माझंच रक्त पुसलं. सांगलीतली एक संशोधन संस्था, दुपारची वेळ, माझं पीएचडीचं पहिलं वर्ष.

गुन्हा काय, तर एक निळी टिकली.

सोपं करून सांगते. आम्ही मातीतल्या एका जीवाणूवर काम करायचो. त्याच्यात साखर पचवायचं एक जनुक असतं. साखर नसली की एक प्रथिन त्या जनुकाच्या तोंडाशी ठाण मांडून बसतं, ते वाचू देत नाही. साखर आली की उठतं. जनुक वाचलं गेलं की जीवाणूंच्या वाढीची टिकली निळी दिसावी अशी सोय आम्ही करून ठेवलेली. माझ्या प्लेटमध्ये साखर नव्हती. सगळ्या टिकल्या पांढऱ्या हव्या होत्या. एक निळी निघाली. सर म्हणाले, घाण पडलीय, टाकून दे. मी म्हणाले, सर, एकदा तपासून बघू या का? एवढंच. "तू मला शिकवणार?" म्हणाले आणि प्लेट फेकली. सरांच्या घरी नदीकाठचा ऊस, चुलते फौजेत मोठे साहेब. त्यांना उलटा प्रश्न विचारायची कुणाची छाती नव्हती.

फरशी पुसताना ती टिकली दिसली. काचेच्या एका तुकड्याला तशीच चिकटलेली. मी ती टूथपिकनं उचलली. विज्ञानासाठी वगैरे नाही. लय राग आला होता म्हणून. तुम्ही म्हणता ना घाण, मग बघूच काय घाण आहे ती.

ती मी वाढवली, शुद्ध केली, ट्यूबमध्ये भरून उणे ऐंशीच्या फ्रीजरात ठेवली. लेबलाच्या डाव्या कोपऱ्याला कात्रीनं दोन काप दिले. माझ्या सगळ्या ट्यूबांना तसे काप असायचे. आमच्या कळपातल्या दर मेंढराच्या डाव्या कानाला दोन काप असतात. माळावर दोन कळप मिसळले की कान धरून उलटा करायचा आणि बघायचं, वाद तिथंच मिटतो. लॅबमधले त्या कापांना हसायचे. हसू दे म्हटलं.

कपाळाला पाच टाके पडले. दवाखान्यात आमच्या लॅबमधली एक सीनियर सोबत आली होती. दारातच म्हणाली, "पडले म्हणून सांग. नाहीतर तुझी पीएचडी गेली." मी तसं सांगितलं. डॉक्टरांनी तसं लिहिलं.

सुट्टीला गावी गेले, वडूजच्या पुढं. माझे वडील, आबा, कळप घेऊन नुकते आले होते.

"कुणी मारलं?"

"पडले."

आबांनी हनुवटी धरली आणि माझं तोंड उजेडाकडं वळवलं, मेंढराचा कान बघतात तसं. "पडल्याची जखम हाय व्हय ही? जल्म गेला माजा जखमा बघण्यात, बाय."

मी पुन्हा म्हणाले, पडले. ते काठी घेऊन बाहेर गेले ते जेवायलाही आले नाहीत. सरांनी मारल्याची मला लाज वाटली नव्हती. त्या खोट्याची वाटली. अजून वाटते.

पुढची दोन वर्षं मी सरांची कामं उरकून त्या निळ्या टिकलीला भिडले. सगळ्यांना वाटेल तसं मलाही वाटलं होतं की ते बसून राहणारं प्रथिनच मोडलं असेल. मोडलं नव्हतं. धडधाकट होतं, आपल्या जागी बसलेलं होतं. बदल झाला होता तो जनुक वाचणाऱ्या यंत्रात. तोंडाशी कोण बसलंय याला न जुमानता ते वाचत होतं. हे कळलं त्या दिवशी मी संडासात जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले.

सरांना आकडे दाखवले. सर म्हणाले, "वही ठेवून जा."

वही परत आली नाही. तीन महिन्यांनी लॅबचं काम बघायला बाहेरचे दोन परीक्षक आले. मला चहाचे कप लावायला ठेवलं होतं. पडद्यावर माझी निळी टिकली होती आणि समोर सरांचा भाचा, लॅबमध्ये येऊन सहा महिने झालेला, सांगत होता की ही त्याला सापडली.

माझ्या हातातला ट्रे खाली आदळला.

"ती माजी हाय," मी म्हणाले. घरचीच भाषा तोंडात आली. "फ्रीजरमधली ट्यूब आणा."

परीक्षकांतल्या पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या, "आणा."

ट्यूब आली. लेबलावर भाच्याचं नाव. डाव्या कोपऱ्याला दोन काप. मी माझ्या दुसऱ्या चार ट्यूबा आणून शेजारी ठेवल्या.

"लेबल फाटलंय ते," भाचा म्हणाला.

"मग ह्या चारींची बी तितंच फाटली व्हय?"

आमच्याकडं मेंढरं चोरणारा कान मुळापासनं कापतो. ह्याला तेवढंही ठाऊक नव्हतं. स्पिरिटनं माझं नाव पुसलं, आपलं लिहिलं आणि झालं म्हणाला.

सर उठले. "नालायक," म्हणाले आणि हात उगारला, परीक्षकांदेखत. मी मनगट पकडलं. मेंढरू कातरताना गुडघ्याखाली दाबून धरावं लागतं, मी दहाव्या वर्षापासनं धरतेय. सरांचं मनगट काय जड नव्हतं. मी ते पिरगाळलं. सर वाकले, खुर्ची उलटली, कप फुटले.

"आता मारलंसा तर मी बी मारीन," मी म्हणाले.

मला ते मनगट मोडायचं होतं. खरं तेच सांगते. हाड कुठं आहे ते बोटांना कळत होतं. पण मोडलं असतं तर कागदावर तेवढंच आलं असतं, म्हणून सोडलं.

आता संस्थेची चौकशी समिती बसलीय. माझ्यापुढं एक कागद ठेवलाय, त्यात लिहिलंय: मी सरांच्या अंगावर धावून गेले याबद्दल माफी मागते, सरांनी मला कधी वाईट वागवलं नाही, कपाळाची जखम पडून झालेली आहे. सही केली तर शोधनिबंधात माझं नाव दुसरं. पहिलं भाच्याचं. सीनियर म्हणते, "कर सही. दुसरं तर दुसरं."

काल सकाळी आबांना फोन लावला.

"आबा, मी पडले नव्हते."

मागं मेंढरं ओरडत होती. 

"ठावं हाय मला," आबा म्हणाले. "मला कशाला सांगतीस? त्यांस्नी सांग."

उद्या अकरा वाजता समितीपुढं जायचंय. तो कागद सही न करताच परत देणार आहे. दुसरा मी लिहून ठेवलाय, माझ्या अक्षरात, डाव्या कोपऱ्याला दोन काप देऊन. खाली माझी सही आहे. पहिलं वाक्य असं आहे: मी पडले नव्हते, मला मारलं.