राणीच्या औषधाचं नाव

शेवटच्या संध्याकाळी बायकोनं रोजच्यासारखी गोळी पाकिटातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी रोजच्यासारखी ती उलटीपालटी करून पाहिली. उभा जन्म कोराडीच्या वीजघरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर गेला. यंत्राच्या काट्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही, पट्ट्याच्या आवाजावर ठेवला. गोळीला आवाज नसतो. म्हणून विचारायचो, कोनती आहे ही?

"खालीबसणी," ती म्हणाली. म्हणजे बीपीची.

शुगरच्या गोळीचं नाव तिनं गोडवैरी ठेवलं होतं, खोकल्याच्या औषधाचं घसाझाडू. डॉक्टरनं ठेवलेल्या नावांवर तिचा विश्वास नव्हता, आणि माझा डॉक्टरवर नव्हता. तिचं म्हणणं, औषधाचं नाव असं पायजे का तोंडात आलं का अर्धं काम तिथंच झालं पायजे.

गोळी गिळून मी विचारलं, "झालं का त्या राणीच्या औषधाचं नाव?"

"झालं."

"मंग सांग."

"तुमच्यासमोर नाही सांगता येत, अजी."

मला हे पटलं नाही. माझ्या घरात, माझ्यासमोर सांगता येत नाही असं काय असते? पण ती हसली आणि पोळ्या लाटायला उठली. सकाळी चहाला उठलीच नाही. झोपेतच गेली.

राणी कोण ते सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावर वर्षा नावाची बाई राहते. जादूच्या गोष्टी लिहिते, लोक त्या मोबाइलवर ऐकतात. राजे, चेटकिणी, पाताळात जाणारी भुयारं, आणि पानोपानी कुपीतली औषधं. पिलं का माणूस दिसेनासा होतो, पिलं का खरं बोलतो. एकदा ती खोकून खोकून खाली जिन्यात बसली होती आणि माझ्या बायकोनं तिला घसाझाडू पाजलं. तेव्हापासून रोज दुपारी हजर.

मला पहिल्या दिवसापासून शंका. कॉलेज शिकलेली बाई चौथी पास बाईकडे रोज काय मागायला येते? दोघी आतल्या खोलीत बसायच्या आणि मी पाणी प्यायला गेलो की गप्प व्हायच्या. मी दोनदोनदा पाणी प्यायला जायचो.

जे कानावर पडलं त्यावरून कामाची रीत समजली. बायको आधी विचारायची, पेनारा उभा आहे का निजला आहे? पळून राहिला का? पळत असंन तं नाव लहान ठेव, दम कुठून आणीन तो? मग रिकामा कप हातात घेऊन नाव मोठ्यानं म्हणायची. प्यावंसं वाटलं तर नाव पास. दिसेनासं करणाऱ्या औषधाला तिनं सावलीगिळी म्हटलं, विसर पाडणाऱ्याला वाटपुसणी. वर्षाबाईनं एकदा स्वतःचं संस्कृतातलं लांबलचक नाव आणलं. बायको म्हणाली, "राजा घेईन हे नाव, पण त्याची दासी कशी घेईन वं? तिले तं दात आहेत का नाही तेही तू लिवलं नाही." वर्षाबाईही काही कमी नव्हती. "काकू, तुमचं हे ओठउघड दातांच्या मंजनासारखं वाटते," म्हणून खरं बोलवणाऱ्या औषधाचं नाव तिनं परत केलं. बायको दोन दिवस फुगून होती.

ही विद्या तिला कुठून आली ते मला माहीत आहे. माझं नाव मधुकर. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. चुकून निघालंच तर तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, असं तिच्या मायनं तिला शिकवलेलं. पण तिनं कधी चुकू दिलं नाही. नावासारखं काही नको म्हणून मधालाही ती मध म्हणत नसे, माश्यायची साखर म्हणे. मध्ये म्हणायचं तर आमच्याकडे सगळे मधात म्हणतात, ही बीचात म्हणायची. एक शब्द चुकवायचा तर माणसाला दहा नवे करावे लागतात. मीही तिला नावानं कधी हाक मारली नाही. अवं म्हटलं की ती ओ द्यायची.

ती गेल्यावर वर्षाबाई सकाळ-संध्याकाळ चहा घेऊन खाली यायची. कप ठेवायची आणि माझ्याकडे न पाहता निघून जायची. ती काहीतरी दाबून बसली आहे हे मी ओळखलं. बायकोचं शेवटचं नाव हिच्याजवळ आहे, आणि ही ते आपलं म्हणून खपवणार. मला ते नाव पाहिजे होतं. दुसरं काही तिनं मागे ठेवलं नव्हतं. तेरवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला दारातच अडवलं.

"राणीचं औषध कोनतं ठरलं होतं? खरं सांग."

ती रडायला लागली. रडण्यावरही माझा भरवसा नाही. मी उभाच राहिलो. मग तिनं सांगितलं. गोष्टीतल्या राणीला अंधाऱ्या भुयारातून एकटीनं जायचं असते, परत न येण्यासाठी. भीती वाटू नये म्हणून ती एक घोट घेते. या नावाला काकूंनी कितीतरी दिवस लावले. शेवटी, जायच्या आदल्या दुपारी म्हणाल्या, रानीले भेव वाटल्यावर जे तोंडात येते तेच नाव, दुसरं कोनतं राहीन?

"आणि कानात सांगितलं, काका. म्हणाल्या, मी हाव तोवर यायच्यासमोर बोलू नको."

"काय सांगितलं?"

"मधुकर."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. नाव दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे, कोणीही वाचेल. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून ही खोटं बोलत असेल. मी तसं तिला म्हटलंही.

"रिकामा कप घेऊन म्हणाल्या," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि तशाच उठल्या. तुळशीले पानी टाकून येतो म्हणाल्या."

त्या दुपारी भर उन्हात तिला तांब्या घेऊन तुळशीपाशी मी पाहिलं होतं. सकाळचं पाणी घालून झालं होतं. मी खिडकीतून विचारलंही होतं, आता काहून? पानावर कोळशाची राख बसली, ती म्हणाली, धुऊन राहिलो. राख तर आमच्याकडे रोजच बसते. मला तेव्हाच शंका आली होती.

मी वर्षाबाईला आत बोलावलं, बस म्हटलं. जाताना तिनं विचारलं, हेच नाव ठेवू का? मी म्हटलं, ठरवणारीनं ठरवलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीची पानं धुतली. मग गोळी तळहातावर घेतली, उलटीपालटी करून पाहिली. कोनती आहे ही, विचारायला कोणी नव्हतं. मी "गिरजा" म्हटलं, जन्मात पहिल्यांदा, मोठ्यानं, आणि गिळली.