दोन जनावरांवरचा गोबरगॅस

ऐंशीच्या सुमारास मी उमरेडकडच्या गावांत सरकारी विस्तार अधिकारी होतो. तेव्हा गोबरगॅसची योजना जोरात होती. शेणातला वायू हवेत सुटण्यापेक्षा जळलेला बरा, त्यानं हवा कमी तापते, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा आम्ही सांगायचो ते एवढंच, की सरपण वाचेल, डोळे वाचतील, खत मिळेल. माझा त्यावर विश्वास होता, म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

मार्च आला आणि माझ्या उद्दिष्टात एक गोबरगॅस कमी पडला. गावात एक विधवा बाई होत्या. त्यांच्याकडे एक गाय, एक म्हैस. लागत होती निदान पाच जनावरं. मी अर्जात पाच लिहिली.

"भाऊ, माह्याजवळ तं दोनच हायेत. पाच काहून लिवून राहिले?"

"मावशी, कागदावर लिहावं लागतं. गॅस येईल."

खड्डा बांधला, वर लोखंडी टाकी बसली. गॅस साचला की ती वर उचलली जायला हवी. महिना झाला, ती बोटभरही हलली नाही. तेवढ्यात नागपूरहून साहेब पाहणीला येणार असल्याचं कळलं. मी बाईंना म्हटलं, शेजाऱ्यांकडून शेण आणून टाका. आणि चूल फोडून टाका, साहेबांना दिसायला नको.

पंधरा दिवस त्या घरोघरून शेणाच्या पाट्या डोक्यावर वाहत होत्या. चूल त्यांनी स्वतःच्या हातानं फोडली.

साहेब आले तेव्हा शेगडीवर निळी ज्योत होती. चहा पिऊन त्यांनी विचारलं, "रोज चालतो ना?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चालते, साहेब."

साहेबांनी माझी पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी गेलो, तर त्या अंगणात तीन दगडांवर भाकरी करत होत्या. शेजारणींनी शेण देणं बंद केलं होतं. पलीकडे नवी चूल ओलीच होती. धुरानं त्यांचे डोळे लाल झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं,

"तुमचं काम झालं ना, भाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. मी होकारार्थी मान हलवली.

दोन जनावरांवर हा गॅस चालत नाही, असं एका ओळीत वर कळवता आलं असतं. त्या महिन्याच्या अहवालात मी त्यांच्या नावापुढे 'चालू' लिहिलं आणि सही केली.