घोटभर पाणी मागणाऱ्या काकू

“घोटभर पाणी मिळेल का हो?”

दार उघडलं की काकूंचं पहिलं वाक्य हेच. हातात पत्रकांचा गठ्ठा, गळ्यात पक्षाचा पट्टा आणि मागायचं काय, तर पाणी. एकच घोट घ्यायच्या आणि ग्लास हातात धरून प्रचाराला लागायच्या. ग्लास परत मिळाल्याशिवाय घरची बाई दार लावणार कशी? निवडणुकीत दारावर येणाऱ्या बायका तुम्हीही पुष्कळ पाहिल्या असतील. अशी मी एकच पाहिली.

मीरा रोडला तेव्हा पाण्याची बोंब होती. नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार, बाकी भिस्त टँकरवर. म्हणून आमच्या उमेदवाराचं एकच आश्वासन होतं, रोज पाणी.

मी मुंबईहून इथल्या पूनम सागर वसाहतीत नवीनच आलेली. वय पन्नाशीचं आणि तोरा असा, की सभागृह माझीच वाट बघतंय. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसून, मताचं मोल या विषयावर भाषण पाठ करून काकूंबरोबर प्रचाराला गेले. दुसऱ्याच दारात बाई म्हणाली, “कुकरची शिट्टी झाली,” आणि दार लावलं. शिट्टी झालीच नव्हती. काकू जिन्यात पदराआड हसत होत्या.

“बाई, तुम्ही शाळेत शिकवायच्या का?”

“नाही, बँकेत होते.”

“मग एवढं कशाला बोलता?”

काकू शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर मुलगा-सुनेबरोबर राहायच्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या. पलीकडच्या नया नगरात, मुस्लिम वस्तीत गेलो की म्हणायच्या, “भाभी, एक घूंट पानी मिलेंगा?” ते हिंदी थेट रत्नागिरीहून निघालेलं, वाटेत कुठेही न थांबलेलं. भाभी हसत हसत सरबतच घेऊन यायच्या.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. काकू उमेदवाराचं नाव क्वचितच घ्यायच्या. “मी सांगते, पाणी येणार. नाही आलं तर मला विचारा.”

“काकू, आश्वासन त्यांचं. तुम्ही कशाला मध्ये पडताय?”

“त्यांना कोण ओळखतंय इथे? आणि पाणी मी प्यायलेय ना यांच्या घरचं.”

उमेदवार निवडून आले. गुलाल झाला, फटाके झाले. पाणी होतं तसंच राहिलं. आधी “काम चालू आहे” म्हणायचे, मग फोन उचलेनासे झाले. आम्ही बायकांनी पट्टे कपाटात टाकले. मी भजनी मंडळात शिरले आणि तिथेही भाषणं ठोकू लागले.

काकू एकट्याच पुन्हा त्याच दारांवर गेल्या. पत्रकं नाहीत, पट्टा नाही. “पाणी आलं का हो?” एवढंच विचारायच्या.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर सेफ्टी डोअरही उघडलं नाही. आतूनच म्हणाल्या, “काकू, आज घोट मागू नका हं. टँकरचं आहे.”

“नको हो. विचारायलाच आले होते.”

मी बाहेरून घरी येत होते, जिन्यात त्यांच्या पाठीमागेच थांबले. काकू कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. त्यानंतर त्या इमारतींच्या मागच्या बाजूने जायला लागल्या. भाजीलासुद्धा लांबच्या नाक्यावर जायच्या.

“काकू, सोडा आता. लोक विसरतात,” मी म्हटलं.

“विसरले असते तर दार उघडलं असतं.”

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. छातीत दुखतंय म्हणाल्या आणि बसल्या जागी संपल्या. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, टँकरही आला नव्हता. शेवटच्या अंघोळीला पाणी हवं होतं आणि सून रिकाम्या पिंपात बघत उभी होती.

मी त्यांच्या मोरीतली बादली उचलली आणि निघाले. तीच दारं, तोच जिना. जन्मभर बडबड केलेली मी, त्या दिवशी दारोदार दोनच वाक्यं म्हणत होते. “काकू गेल्या. पाणी पाहिजे.”

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सेफ्टी डोअर उघडलं. स्वतःचीच बादली पिंपात बुडवून भरली आणि हिंदकळू न देता खाली घेऊन आल्या. मागोमाग बाकीची दारं उघडली. नया नगरातल्या भाभी कळशी घेऊन आल्या.

अंघोळीला पाणी लागून लागून किती लागणार? उरलं ते कुणी घरी नेलं नाही. मयताच्या दारातलं पाणी परत नेत नाहीत. ज्या गल्लीत थेंबाथेंबावरून भांडणं व्हायची, तिथे काकूंच्या दाराबाहेर संध्याकाळपर्यंत बादल्या तशाच उभ्या होत्या, काठोकाठ भरलेल्या.